गब्बूनं बोट दाखवलं

सकाळी साडेनऊच्या सुमाराला बैठकीच्या खोलीत गब्बूनं भिंतीकडे बोट दाखवलं, आणि लिफ्टसाहेबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

गब्बू साडेदहा महिन्यांचा. लिफ्टसाहेब त्याचे आजोबा, वय एकाहत्तर. बत्तीस वर्षं ते लिफ्ट-तपासनीस होते. दुसऱ्यांच्या इमारतींमधून वर-खाली करत, दोराला हात लावून, दाराला कान लावून त्यांनी दोष शोधले होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना लिफ्टसाहेबच म्हणत. कारणाशिवाय आवाज होत नाही आणि दोषाशिवाय कुरकुर होत नाही, ही त्यांची श्रद्धा. बायकोनं सुस्कारा टाकला तरी ते आधी "कुठून येतोय?" असं विचारत, आणि मग दुसरा सुस्कारा ऐकू येई.

दोन महिन्यांपूर्वी सून पुन्हा औषधांच्या दुकानात कामाला जाऊ लागली. तिची पाळी दुपारची. मुलगा सकाळपासून लोकांना मोटार चालवायला शिकवायला बाहेर. त्यामुळे गब्बू आजी-आजोबांच्या वाट्याला आला. साहेबांना हे काम नवं होतं. स्वतःचा मुलगा एवढा होता तेव्हा ते रोज कुठल्यातरी सातव्या मजल्यावर असत. घरी येत तेव्हा तो झोपलेला असे. एवढं लहान माणूस चालू स्थितीत त्यांनी प्रथमच जवळून पाहिलं.

आणि पाहता पाहता चकित झाले. गब्बूला एक शब्द येत नव्हता, पण त्याचं अंग अखंड बोलत होतं. नको असलं की मान फिरवायचा. फारच नको असलं की पाठीची अशी कमान करायचा की त्याला खुर्चीत बसवणं म्हणजे छत्री न मिटता पिशवीत घालणं. सगळ्यात नवल उचलून घेण्याचं. आजीनं नुसते हात पुढे केले, अजून स्पर्शही झाला नाही, तोवर हा खांदे वर करून, अंग ताठ करून तयार.

"अगं, हा तुला मदत करतो," साहेब एकदा बायकोला म्हणाले. "वजन कसं उचलतात ते याला ठाऊक आहे."

"तुम्हाला आत्ता कळलं?" आजी म्हणाल्या. "तुमचा मुलगाही करायचा."

साहेबांनी गब्बूला खाली ठेवलं आणि पुन्हा हात पुढे करून पाहिले.

तर त्या सकाळी गब्बू आजोबांच्या मांडीवर होता. एरवी त्याचा हात म्हणजे सबंध पंजा; जे हवं त्यावर तो सगळाच्या सगळा आपटायचा. आज मात्र चार बोटं मुठीत गेली आणि एक बाहेर राहिलं. ते त्यानं बुटक्या कपाटाच्या वर, कोऱ्या भिंतीकडे रोखलं आणि म्हणाला, "अं!"

साहेबांनी पाहिलं. भिंत होती. त्यांनी गब्बूकडे पाहिलं. गब्बू त्यांच्याकडेच बघत होता, डोळे लकाकत होते.

"अं!" पुन्हा बोट. साहेबांनी पुन्हा पाहिलं. गब्बूनं आनंदानं पाय झाडले.

"अगं, ऐकलंस का?" साहेबांनी हाक मारली. "हा काहीतरी दाखवतोय."

आजी पदराला हात पुसत आल्या. "पाल असेल."

पाल नव्हती. आजींनी केरसुणीचा दांडा कपाटामागे फिरवून खात्री केली. मग कपाट हलवलं. कपाटामागे एक मोजा आणि चमचा सापडला, पण गब्बूनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं बोट भिंतीवरच. सून केस विंचरत बाहेर आली. गब्बूनं तिला बघून बोट दाखवलं, तिनं भिंतीकडे पाहिलं, आणि गब्बू मांडीवर उड्या मारू लागला.

"बाबा, साडेदहा महिन्यांचा आहे तो," सून म्हणाली. "दाखवतोय काहीतरी आपलं."

"काहीतरी आपलं असं काही नसतं," साहेब म्हणाले. "चार वेळा दाखवलं. चारही वेळा तिथंच."

त्यांनी आपल्या जुन्या पेटीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक भिंतीला टेकवलं आणि मुठीला कान लावला. यंत्राच्या पोटातलं ऐकायची ही त्यांची नेहमीची रीत. साहेबांच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"टक... टक... टक," ते कुजबुजले. "पाणी ठिबकतंय."

आजींनीही कान लावला. "येतंय खरं. पण इतकं नेमानं?"

"गळती नेमानंच होते. माणसं नेमानं वागत नाहीत."

"बाबा, पलीकडे कवायतबाई राहतात," सून म्हणाली. "त्यांच्याकडे काही गळत असेल. एकदा विचारून तरी—"

"त्यांना काय विचारायचं?" साहेब म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला.

भिंतीपलीकडच्या बाई शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी चालणं तसंच, पाठ फूटपट्टीसारखी. चार वर्षांपूर्वी त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं अडकल्या होत्या. साहेब धावत गेले आणि बंद जाळीबाहेर उभं राहून त्यांनी लिफ्ट का अडकली हे बाईंना समजावून सांगितलं. दोष लिफ्टचा नाही, तुम्ही दार पुरतं ओढलं नाहीत, हे त्यांनी तीन प्रकारे सिद्ध केलं. सगळं अगदी बिनचूक होतं. बाई बाहेर आल्या त्या साहेबांकडे न बघता जिन्यानं वर गेल्या, आणि तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की दोघांनाही जिन्याचे कठडे पाहण्यासारखे वाटत.

अकराच्या सुमाराला नळवाला आला. किडकिडीत, शांत माणूस, खांद्यावर पिशवी. त्याच्या प्रत्येक उत्तराचा शेवट छिन्नीत व्हायचा.

"साहेब, इथून पाइप जायला नको," तो भिंत थोपटत म्हणाला.

"जायला नको, पण जातो का?"

"ते फोडल्याशिवाय कसं कळणार?" त्यानं पिशवी खाली ठेवली. "गळती पहिल्यांदा कुणी बघितली?"

"यानं," साहेब म्हणाले.

नळवाल्यानं गब्बूकडे पाहिलं. त्याच्या धंद्यात त्यानं पुष्कळ तक्रारदार पाहिले होते आणि त्यांतला कुणीच आपलं म्हणणं नीट सांगू शकला नव्हता. तो गुडघ्यावर बसला. "बाळराजे, कुठं?"

गब्बूनं बोट दाखवलं. नळवाल्यानं वळून पाहिलं. गब्बू खिदळला.

"हां, तिथंच म्हणतोय," नळवाला म्हणाला.

पण "तिथंच" म्हणजे नेमकं कुठं हा प्रश्न उरला. बोट इंचभर आणि भिंत दहा फुटांवर. साहेबांनी यावर शास्त्रशुद्ध तोडगा काढला. गब्बूला आधी आजीच्या कडेवरून बोट दाखवायला लावायचं, मग सुनेच्या. दोन्ही वेळा बोटाच्या टोकापासून भिंतीपर्यंत सुतळी ताणायची. दोन सुतळ्या एकमेकींना मिळतील तिथं दोष. गब्बूला हा खेळ फारच आवडला. आजीच्या कडेवरून त्यानं झक्क बोट रोखलं. सुनेच्या कडेवर गेल्यावर मात्र त्याला सुतळीच हवीशी झाली, ती तोंडात घालायला मिळाल्यावरच पुढचं मोजमाप झालं. अखेर साहेबांनी पेन्सिलीनं भिंतीवर फुली मारली. ती आधीच्या जागेपासून हातभर डावीकडे होती.

"अहो, मघाशी तिकडं दाखवत होता ना?" आजी म्हणाल्या.

"मघाशी अंदाज होता. आता मोजमाप आहे," साहेब म्हणाले.

नळवाल्यानं छिन्नी लावली. पाचव्या घावाला गिलाव्याचा पापुद्रा पडला, नवव्या घावाला लाल वीट दिसली, आणि अकराव्या घावाला फट् असा आवाज होऊन डोक्यावरचा पंखा थांबला.

"पाणी नाही," नळवाला आत डोकावून म्हणाला. "वायर आहे. म्हणजे होती."

तळमजल्यावरच्या दुकानात काम करणाऱ्या वायरमनला बोलावलं. हा जाडजूड आणि तत्त्वाचा माणूस. जगातली निम्मी संकटं नळवाल्यांनी आणलेली आहेत हे त्याचं पक्कं मत होतं, आणि आज ते त्याला भिंतीवर कोरलेलं दिसलं.

"कुणी फोडली?"

"मी," नळवाला म्हणाला.

"कशासाठी?"

"बाळानं दाखवलं."

वायरमननं एकदा नळवाल्याकडे आणि एकदा बाळाकडे पाहिलं. बाळानं लगेच बोट दाखवलं. वायरमनची मान आपोआप वळली. "तिथं कुठं? वायर तर इथं तुटलीय," तो गब्बूला म्हणाला, आणि आपण कुणाशी हुज्जत घालतोय हे लक्षात येऊन गप्प झाला.

वायर जोडायची तर विजेची नळी कुठून कुठं जाते ते बघणं आलं, आणि ते बघायचं तर भिंत आणखी उघडणं आलं. बारा वाजेपर्यंत भिंतीला ताटाएवढं भगदाड पडलं होतं. खोलीत विटांचा लाल धुरळा. आजींनी पाण्याचा माठ झाकला, सुनेनं गब्बूच्या डोक्यावर टोपी घातली. पंखा बंद होता, म्हणून आता तो आवाज सगळ्यांनाच स्क्रू-ड्रायव्हरशिवाय ऐकू येऊ लागला. टक. टक. टक.

"येतोय हं बाबा," सून चकित होऊन म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती साहेबांच्या बाजूला आली होती, आणि तेवढ्यानं साहेबांना दहा वर्षं कमी झाल्यासारखं वाटलं.

"नळीच्या मागं आहे," नळवाला म्हणाला.

"मागं फक्त एक वीट आहे," वायरमन म्हणाला. "ती काढू नका."

"मग कळणार कसं?"

"काढू नका म्हणतो ना!"

"अं!" गब्बू म्हणाला, आणि बोट भगदाडाकडे.

नळवाल्यानं याला हुकूम समजून विटेवर घाव घातला. वीट जागची हलली, एक क्षण विचार केल्यासारखी थांबली, आणि पलीकडच्या बाजूला गेली. धप् झालं. खळ्ळ झालं. मग सगळं शांत.

टकटक बंद झाली होती.

साहेबांचा चेहरा उजळला. "थांबली!" त्यांनी टाळी वाजवली. "गळती थांबली!"

"थांबणारच!" भगदाडातून आवाज आला. "माझं घड्याळ फोडलंत ना!"

भगदाडात आधी एक डोळा दिसला, मग चष्मा, मग कवायतबाईंचा अर्धा चेहरा, विटेच्या धुळीनं लाल. त्या चेहऱ्यानं खोलीची पाहणी केली आणि तो दिसेनासा झाला. पुढच्याच मिनिटाला दारावर थाप पडली. शाळेत कवायतीला उशिरा येणाऱ्यांना ती थाप बरोबर ओळखता आली असती.

चार वर्षांनी बाई या घरात आल्या. एका हातात घड्याळाची चौकट, दुसऱ्या हातात वीट. "ही तुमची का?" म्हणून त्यांनी वीट टेबलावर ठेवली.

"बाई, त्याचं असं झालं," साहेबांनी सुरुवात केली, "भिंतीतून ठरावीक अंतरानं आवाज येत होता. त्यावरून असा निष्कर्ष निघतो की—"

"निष्कर्ष माझ्या पलंगावर पडलाय. काचांसकट!"

"मी सांगत होतो वीट काढू नका," वायरमन म्हणाला.

"घड्याळ भिंतीला लावतं का कुणी?" नळवाला म्हणाला.

"मग कुठं लावतात? नळाला?" बाई कडाडल्या.

"अहो, मी सकाळीच म्हणत होते, इतकं नेमानं पाणी पडत नाही," आजी म्हणाल्या.

"बाबा, मी तर विचारू या म्हणाले होते," सून म्हणाली. मघाशी बाजूला आलेली ती परत गेली.

साहेब मध्ये उभे होते. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि सगळ्यांचं बरोबर होतं. बत्तीस वर्षांत असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. दोष सापडला होता, आणि तो ते स्वतः होते.

"अं!"

आपल्या खुर्चीत बसलेल्या गब्बूनं डोळ्यांवरची टोपी सारली आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट रोखलं.

भांडण तोंडातल्या तोंडात थांबलं. साहेब, आजी, सून, नळवाला, वायरमन सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. कवायतबाईंचीही वळली. कोपऱ्यात काही नव्हतं. माना परत आल्या, भांडण जिथं सोडलं होतं तिथून सुरू झालं.

"अं!" आता बोट दाराकडे. सहा माना दाराकडे.

"अं!" बंद पंख्याकडे. सहा माना वर.

यावेळी पाचच परत आल्या. बाईंनी मान अर्ध्यावर थांबवली होती आणि त्या पंख्याऐवजी गब्बूकडे बघत होत्या. हातातली चौकट त्यांनी हळूच खुर्चीवर ठेवली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "गप्प बसा सगळे. हा बोट कुठं दाखवतोय ते सोडा. डोळे कुठं आहेत त्याचे?"

गब्बूनं पुन्हा पंखा दाखवला. बोट वर आणि डोळे खाली, एकेकाच्या चेहऱ्यावर. आजी वळल्या का? वळल्या. तो जाडा माणूस? वळला. ती नवीन बाई? सगळ्यांची हजेरी घेऊन झाल्यावर त्यानं समाधानानं पाय झाडले.

"अगं बाई," सून हळूच म्हणाली. "तो आपल्याकडेच बघतोय."

"तीस वर्षं मी मैदानावर पोरं वळवली," बाई म्हणाल्या. "शिट्ट्या फुंकून घसा गेला. तरी एक-दोन माना उलट्या जायच्याच. आणि हा बघा. एका बोटावर सहा जण, त्यांत मी पण!"

साहेबांना ते पटेना. "पण बाई, काहीतरी असल्याशिवाय कुणी बोट का दाखवेल?"

"असं करू. आता तो दाखवेल तेव्हा कुणी वळायचं नाही. सगळ्यांनी सरळ समोर बघायचं. सावधान!"

वायरमननं नकळत टाचा जुळवल्या. नळवाला म्हणाला, "मला नाही जमायचं," आणि दोन्ही हातांनी स्वतःची मान धरून बसला.

गब्बूनं खिडकी दाखवली. कुणी हललं नाही. गब्बूनं एकेकाचा चेहरा पाहिला. मग हात आणखी लांब केला, खांद्यापासून ताणला. "अं!" कुणी हललं नाही. त्यानं खिडकी सोडून दार दाखवलं. एक दुकान बंद दिसल्यावर माणूस दुसऱ्या दुकानात जातो तसं. आजींनी ओठ घट्ट मिटले होते. वायरमनच्या मानेची शीर थरथरत होती. गब्बूनं मग कसलाच आवाज न करता एकदा आजोबांकडे पाहिलं, आणि ते बोट थोडं वाकलं, अजून वाकलं, आणि मुठीतल्या बाकीच्या चार बोटांत जाऊन बसलं. हात मांडीवर पडला.

एवढंच झालं. तो रडला नाही, काही नाही. पण साहेबांची नजर त्या मिटलेल्या मुठीवरून हलेना.

आयुष्यभर त्यांना लोकांनी बोटं दाखवली होती. साहेब, हे बघा, इथं गंजलंय. साहेब, इथून आवाज येतो. बोट म्हणजे तक्रार, आणि तक्रार आली की तिचं कारण शोधायचं, कागदावर लिहायचं आणि पुढच्या इमारतीत जायचं. नुसतं, तुम्ही माझ्याबरोबर तिकडं बघता का, एवढ्यासाठी कुणी त्यांना बोट दाखवलं नव्हतं. की दाखवलं होतं? घरात साडेदहा महिन्यांचा मुलगा असताना ते सातव्या मजल्यावर होते.

साहेब वळले. सगळ्या अंगानिशी दाराकडे वळले आणि त्यांनी दाराकडे टक लावून पाहिलं.

"साहेब, प्रयोग मोडलात!" नळवाला ओरडला.

"बघितलं रे," साहेब गब्बूला म्हणाले. "बघितलं मी."

गब्बूचं तोंड उघडलं, दोन दात दिसले, आणि बोट पुन्हा मुठीतून बाहेर आलं. खिडकी! सगळे वळले. कपाट! सगळे वळले. वायरमन तर आता बोटाच्या आधीच वळू लागला.

"काय दिसलं हो एवढं दारात?" आजींनी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले. हे दोन शब्द इतक्या आनंदानं त्यांनी कधी उच्चारले नव्हते.

तेवढ्यात ते दार उघडून मुलगा जेवायला आला. त्याला धुरळा दिसला, वीट दिसली, आणि भिंतीतल्या भगदाडातून कवायतबाईंचा पलंग दिसला. "हे काय केलंत?" तो म्हणाला.

"अं!" गब्बूनं पंखा दाखवला. मुलानं वर पाहिलं. खोलीत एवढं हसू फुटलं की त्याला वाटलं आपल्यालाच काहीतरी झालंय, आणि तो आरशात बघून आला.

नळवाला आणि वायरमन पिशव्या भरून एकमेकांना दोष देत जिना उतरले. सून कामाला गेली. साहेब बाईंच्या घरी जाऊन पलंगावरच्या काचा वेचू लागले. बाई "राहू द्या" म्हणाल्या, साहेबांनी राहू दिल्या नाहीत. वेचता वेचता ते खालीच बघत म्हणाले, "त्या दिवशी लिफ्टमध्ये... घाबरला होतात का हो?"

बाई केर भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"चार वर्षांनी विचारताय."

"हो. उशीर झाला."

"घाबरले होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाळीतून सारखे वर यंत्राकडे बघून बोलत होतात. माझ्याकडे एकदा तरी बघाल असं वाटत होतं." मग त्या पुन्हा केर भरू लागल्या. "दार मी पुरतं ओढलं नव्हतं, ते मात्र खरं."

"ते जाऊ द्या," साहेब म्हणाले. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच जाऊ दिली.

गवंडी मिळाला तो तीन दिवसांनी. तोवर भगदाडावर साहेबांनी अलीकडून पुठ्ठा लावला होता आणि बाईंनी पलीकडून टॉवेल. पण पुठ्ठ्यापाशी गेलं की गब्बू असा अंग झोकून द्यायचा की तो काढावाच लागे. मग टॉवेल बाजूला व्हायचा, चष्मा दिसायचा, पुन्हा टॉवेल पडायचा, आणि गब्बूला हसून हसून उचकी लागेपर्यंत हे चालायचं.

गवंड्यानं घमेलं खाली ठेवलं, थापी काढली आणि भगदाड निरखलं. "मोठं आहे," तो म्हणाला. "कुणी सांगितलं होतं एवढं फोडायला?"

कुणी उत्तर द्यायच्या आत आजोबांच्या कडेवरून गब्बूनं छताच्या कोपऱ्याकडे बोट रोखलं. "अं!"

गवंड्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गंभीरपणे मान हलवली. "हो, हे पण काढावं लागेल."

"नाही नाही!" आजी किंचाळल्या.

"काढायचं काही नाही," साहेब म्हणाले. "नुसतं बघा. आणि मग याच्याकडे बघा."

गवंड्याला अशी मजुरी कुणी सांगितली नव्हती. त्यानं साहेबांकडे संशयानं पाहिलं, मग छताकडे, मग गब्बूकडे. गब्बूनं पाय झाडले. गवंड्याच्या पांढुरक्या मिशा हलल्या. त्यानं थापी घमेल्यात टेकवली आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आता कुठं बघू, साहेब?" हे साहेब कोण ते सगळ्यांना कळलं.

पलीकडचा टॉवेल हलला. "काय दाखवतोय आज?" बाईंचा आवाज आला.

लिफ्टसाहेबांनी भगदाडाला तोंड लावलं. "काही नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "येताय बघायला?"

पलीकडे चपलांचा आवाज झाला.